नऊ पाती

लवू कुबल कॉम्प्रेसर हातगाडीवर घालून आला
तेव्हा सर्जेकोटच्या जेटीवर लिलाव संपत आला होता.
"फकत ऑइल बदल गे, बाकी तेका काय्येक नाय.
उद्या ओहोटीक उतरूचा आसा,
तांडेलाच्या ट्रॉलरच्या पंख्यात जाळा गुतलाहा."

मी ऑइल बदललं नाही.
नुसतं चालू केलं आणि उभी राहिले.

पेद्रू मिस्त्री सांगायचे, हत्यार शेवटी.
आधी कान, मग तळहात, मग नाक.
मशीन खोटं बोलत नाही, धनी बोलतो.

टाकी भरायला पूर्वी लागायची चार मिनिटं,
म्हणजे लवूची एक विडी.
आज दोन संपल्या, तिसरी पेटली,
काटा अजून साठाच्या अलीकडेच थरथरत.

ठोका होता. हलका, दुहेरी,
दार उघडं आहे हे माहीत असून
कुणी कडी वाजवावी तसा.
गजन पिन.
खालचं बेअरिंग असं वाजत नाही,
ते मुसळासारखं पडतं, भार आला की अधिकच.
चाकाची चावी ढिली असली तरी फसवते,
म्हणून ती आधी ठोकून पाहिली. घट्ट होती.

फिल्टर काढून तोंडावर तळहात धरला.
हवा आत ओढायला हवी.
ओढत होती, आणि मध्येच परत टाकत होती,
गरम,
निवत नसलेल्या पेजेवर घातलेली फुंकर जणू.
ऑइलच्या झाकणातूनही धूर,
दर फेऱ्याला एक गुळणी.

हेड उघडलं.
व्हॉल्वच्या पात्यांवर चिकट काजळी,
एकाचं टोक बांगड्याच्या पाठीसारखं निळं पडलेलं.
बैठकीला खाऱ्या हवेनं पाडलेले खड्डे,
कालवं फोडून नेल्यावर खडकावर राहतात तसले.

सिलिंडरमध्ये नख फिरवलं, खालून वर.
वरच्या अंगाला अडकलं.
तिथे एक कड राहिली होती,
रिंग जिथवर रोज गेली
आणि जिथवर कधीच गेली नाही, त्या दोहोंमध्ये.

फीलर गेज पेद्रूंनी जन्मात घेतलं नाही.
रिंग एकटीच बोअरमध्ये बसवायची
आणि फटीत दाढीची पाती सरकवायची.
तीन गेली तर चालू दे,
पाच गेली तर गिऱ्हाइकाला सांग,
त्याच्या पुढे मोजत बसू नको.
मी मोजली. नऊ.

लवू पाठमोरा, खाडीकडे बघत.
"चव येते?" मी विचारलं.
"कसली?"
"खाली. नळीतून."
एक होडी आत येऊन लागेपर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला, "म्हयनो झालो. भजी तळलेल्या तेलासारी.
बायल म्हणता, उशयेक पण वास येता.
माका वाटला, बंदरातला डिझेल."

"आणि खोकला?"
तो हसला, आणि हसताना खोकला.

रिंगा, पिन, पाती कुडाळहून एसटीनं मागवली.
नळी धुऊन भागणार नव्हतं, नवी घ्यायला लावली,
उधारीवर, माझ्याच नावावर.
तांडेलाचा माणूस दोनदा येऊन शिव्या देऊन गेला.
ट्रॉलर चिखलात कलंडून बसला होता,
त्याच्या पंख्यात भगव्या दोरांचा गुंता,
ओहोटीला रस्त्यावरूनसुद्धा दिसायचा.

तिसऱ्या दिवशी जोडून झालं.
चार मिनिटं, थोडी कमीच.
नळीसमोर रुमाल धरला, पांढरा राहिला.
तरी लवूच्या हाती द्यायच्या आधी
मी स्वतः ते रबर दातांत धरलं, डोळे मिटले.

चव नाही. कसलीच.

दुसऱ्या श्वासाला वास आला,
हलका, ओळखीचा, आणि मी दचकले.
डोळे उघडले तर भिंतीपलीकडे
खवणेकरीण सुकट पसरत होती, कावळ्यांना हाकलत,
अगदी फिल्टरच्या समोर.

बाहेरचीच हवा होती.
म्हटलं, ने.